एक नोकरदार, तीन खाती

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीच्या आवारात लिलाव संपला की शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. माल किती भरला, भाव काय निघाला, हमाली-तोलाई किती गेली आणि पदरात काय उरले, हे त्या चिठोऱ्यावर लिहिलेले असते. पट्टीतील भावाविषयी शेतकऱ्याची तक्रार असते आणि ती पुष्कळदा रास्तही असते. परंतु आपला माल कोणाच्या नावावर जमा झाला हेच आपल्याला ठाऊक नाही, अशी तक्रार तो सहसा करीत नाही. याच गावात सकाळच्या प्रहरी आग्रा रस्त्याच्या कडेला नाशिककडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या कारकुनास, कामगारास किंवा खाजगी शाळेतील शिक्षकास विचारावे की, बाबा रे, गेल्या वीस वर्षांत तुझ्या पगारातून कापला गेलेला फंड आज कोठे आहे? बहुतेकांचे उत्तर मोघम येते. थोडा अंबडच्या कंपनीत, थोडा त्या आधीच्या ठेकेदाराकडे, आणि चालू नोकरीतला कोठेतरी संगणकात. वस्तुतः हा पैसा कंपनीकडेही नसतो आणि ठेकेदाराकडेही नसतो. तो कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडे असतो. परंतु तो तीन निरनिराळ्या क्रमांकांखाली, क्वचित तीन निरनिराळ्या नावांनी पडलेला असतो. एका मनुष्याच्या आयुष्याची पुंजी अशी तीन ठिकाणी विखुरली जावी आणि त्याचे त्यालाही काही वाटू नये, ही गोष्ट चिंताजनक आहे.

पूर्वी हा प्रश्न एवढा मोठा नव्हता. ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना उभा राहिला, सातपूर-अंबडच्या वसाहती वाढल्या, निफाड तालुक्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटली, तेव्हा एकदा नोकरीला लागलेला मनुष्य निवृत्तीचा नारळ घेऊनच बाहेर पडत असे. एक नोकरी, एक खाते, एक हिशेब. पुढे दिवस पालटले. साखर कारखान्यांची धुराडी अनेक हंगाम थंड राहिलेली या भागाने पाहिली. वसाहतींतील कायम नोकऱ्यांची जागा कंत्राटी कामाने घेतली. आज अशी स्थिती आहे की कामगार दहा वर्षे त्याच यंत्रापुढे उभा असतो, परंतु ठेकेदार मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. आणि ठेकेदार बदलला की निधीचे खातेही बदलते. नोकरी न बदलताच नोकरी बदलल्याची सारी कटकट या मनुष्याच्या वाट्यास येते. द्राक्षांच्या हंगामात पॅकिंगच्या कामावर जाणाऱ्या मुला-मुलींची गोष्ट याहून निराळी नाही. त्यांचे तर खाते उघडल्याचेही त्यांना कोणी सांगत नाही.

या निधीचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १५ नोव्हेंबर १९५१ रोजी वटहुकूम निघाला, १९५२ साली त्याचे कायद्यात रूपांतर झाले. स्वतंत्र झालेल्या देशाने आपल्या कामगाराच्या म्हातारपणाची काळजी वाहण्याचे जे आश्वासन दिले, त्याचे हे पहिले मोठे कलम. पहिल्या वर्षी व्याजाचा दर ३ टक्के होता. १९८९-९० पासून दहा-अकरा वर्षे तो १२ टक्क्यांवर राहिला. २०२१-२२ साली तो ८.१ टक्के, म्हणजे चार दशकांहून अधिक काळातील नीचांकावर आला, आणि २०२३-२४ व २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी तो ८.२५ टक्के ठरला. १९७१ साली कुटुंब निवृत्तिवेतनाची आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून खुद्द कर्मचाऱ्याच्या निवृत्तिवेतनाची योजना त्यास जोडली गेली. खाजगी शाळा-महाविद्यालयांना हा कायदा १९८२ साली लागू करण्यात आला, ही गोष्ट आपल्या शिक्षकवर्गापैकी पुष्कळांना आजही ठाऊक नसते.

हा सारा कायदा एका गृहीतावर उभा होता. कर्मचाऱ्याची ओळख म्हणजे त्याचा मालक. खात्याचा क्रमांकच मुळी आस्थापनेच्या क्रमांकापासून सुरू होई. मनुष्याचा नंबर शेवटी येई. मालक सुटला की क्रमांक सुटला. खाते एका मालकाकडून दुसऱ्याकडे नेण्यासाठी ‘नमुना १३’ नावाचा अर्ज होता. तो जुन्या मालकाच्या सहीने, नव्या मालकाच्या शिक्क्याने, एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाई, आणि वाटेत कोठे थांबला तर तो कोणी हलवावयाचा हे कोणीच सांगू शकत नसे. अशा परिस्थितीत सामान्य माणसाने सोपा मार्ग पत्करला यात नवल नाही. त्याने नोकरी सोडली की फंड काढून घेतला. बहिणीचे लग्न, विहिरीचे काम, घरावरचे पत्रे, सोसायटीचे कर्ज अशा कामी तो पैसा खर्ची पडला. ही कामे क्षुल्लक होती असे कोण म्हणेल? परंतु म्हातारपणाची तरतूद दर पाच-सहा वर्षांनी मोडून खाल्ली गेली, हेही तितकेच खरे.

२०१४ साली सरकारने प्रत्येक सदस्यास एक कायमचा सार्वत्रिक क्रमांक देण्यास आरंभ केला. क्रमांक मनुष्याचा, मालक कितीही बदलोत, त्यांच्याकडील खाती त्या एका क्रमांकाखाली यावयाची. कल्पना उत्तम होती, आणि ती वास्तविक १९५२ सालीच सुचावयास हवी होती. सिंगापूरने १९५५ साली आपला मध्यवर्ती भविष्यनिर्वाह निधी सुरू केला तेव्हापासून तेथे खाते कामगाराचे असते, मालक केवळ त्यात भरणा करतो. आपल्याकडे हे शहाणपण यावयास सहा दशके लागली, आणि तेही आले ते अर्धेच. कारण नवा क्रमांक देताना जुन्या खात्यांचा शोध घेऊन ती जोडण्याचे काम संघटनेने स्वतःकडे न घेता सदस्याच्या गळ्यात घातले. शिवाय नव्या मालकाने जुना क्रमांक न विचारताच दुसरा सार्वत्रिक क्रमांक काढला, अशीही उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. एकाच मनुष्याचे दोन ‘सार्वत्रिक’ क्रमांक! शब्दांची अशी थट्टा सरकारी कारभारातच होऊ शकते.

आता एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुने खाते तसेच पडून राहिले तर त्यावर व्याज मिळत नाही, असे गावोगाव सांगितले जाते आणि त्या भीतीने लोक पैसे काढून घेतात. ही समजूत एके काळी खरी होती. १ एप्रिल २०११ पासून, छत्तीस महिने भरणा न झालेल्या खात्यांचे व्याज थांबविण्यात आले होते. परंतु नोव्हेंबर २०१६ मध्ये हा नियम बदलला. नोकरी सुटली एवढ्याच कारणाने चाळिशीतील मनुष्याचे खाते आता निष्क्रिय ठरत नाही. पंचावन्नाव्या वर्षानंतरची निवृत्ती, कायमचे परदेशगमन किंवा मृत्यू यांनंतर छत्तीस महिने कोणी दावा केला नाही तरच ते निष्क्रिय होते. तेव्हा जुन्या खात्यातील पैसा कुजत नाही. कोणी विसरून गेलेले ४०,००० रुपये ८.२५ टक्क्यांनी वीस वर्षे वाढत राहिले तर ते १,९५,००० च्या घरात जातात. प्रश्न वाढण्याचा नाही. वीस वर्षांनी ते ४०,००० कोणाचे होते हे सिद्ध करण्याचा आहे. लोकसभेत डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, २०२३-२४ अखेर निष्क्रिय खाती २१ लाख ५५ हजारांवर आणि त्यांतील रक्कम ८,५०५ कोटी रुपये होती. २०१८-१९ साली हीच रक्कम १,६३८ कोटी होती. हे निष्क्रिय ठरलेल्या खात्यांचे आकडे झाले. तिशी-चाळिशीतील माणसांची विसरलेली खाती यात धरलेलीच नाहीत.

व्याज बुडत नसेल तर मग खाती एकत्र का करावयाची, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे खरे उत्तर निवृत्तिवेतनात आहे, आणि नेमके हेच उत्तर कोणी सांगत नाही. मालक जे १२ टक्के भरतो त्यांपैकी ८.३३ टक्के, ठरलेल्या वेतनमर्यादेपर्यंत, निवृत्तिवेतनाच्या सामाईक निधीत जातात. दरमहा निवृत्तिवेतन मिळण्यास किमान दहा वर्षांची सेवा लागते. समजा, एका कारकुनाने सातपूरच्या कारखान्यात सहा वर्षे आणि पिंपळगावच्या एखाद्या संस्थेत सात वर्षे नोकरी केली. पहिल्या नोकरीचे पैसे त्याने निवृत्तिवेतनाच्या रकमेसह काढून घेतले असतील तर ती सहा वर्षे पुसली गेली. उरलेल्या सात वर्षांवर त्यास निवृत्तिवेतनाचा हक्क नाही. काढून घेतलेली रक्कम तरी किती? साधारणतः जितकी वर्षे सेवा, तितक्या महिन्यांच्या पगाराच्या आसपास. तेच खाते त्याने पुढे नेले असते तर सेवा तेरा वर्षांची धरली गेली असती, आणि सरासरी वेतन १५,००० धरले तर तेरा गुणिले पंधरा हजार भागिले सत्तर, म्हणजे दरमहा सुमारे २,७८६ रुपये त्यास अठ्ठावन्नाव्या वर्षापासून हयातभर मिळाले असते, आणि पश्चात पत्नीस त्याचा अंश. रक्कम मोठी नाही हे मान्य. परंतु ज्या घरात महिन्याच्या औषधांचा खर्च दोन-अडीच हजारांवर येतो, त्या घरात तिची किंमत विचारावी.

याहून एक बारीक गोम आहे. १ सप्टेंबर २०१४ रोजी वा त्यानंतर प्रथमच सदस्य होणाऱ्या आणि १५,००० रुपयांहून अधिक वेतन असणाऱ्या मनुष्यास निवृत्तिवेतन योजनेचे दार बंद करण्यात आले. त्यापूर्वीपासून सदस्य असलेल्यास ते उघडे राहिले. म्हणजे ज्याने २०१० साली सदस्यत्व घेऊन पुढे सर्व पैसे काढून घेतले आणि नंतर मोठ्या पगाराच्या नोकरीत प्रवेश केला, तो नवखा ठरून या दाराबाहेर राहू शकतो. ज्याने खाते पुढे नेले तो आत राहतो. एका अर्जाचा एवढा फरक. प्राप्तिकराचेही तसेच. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढलेल्या निधीवर कर लागतो. पण जुने खाते नव्यात वर्ग केले असेल तर आधीच्या मालकाकडील वर्षेही त्या पाचांत मोजली जातात.

खाते वर्ग केल्यानंतर आणखी एक धसका लोक घेतात, तो येथेच दूर केलेला बरा. नव्या पासबुकात निधीची रक्कम आलेली दिसते, परंतु निवृत्तिवेतनाच्या रकान्यात शून्य असते. पैसे गिळले गेले असे वाटून माणसे घाबरीघुबरी होतात. निवृत्तिवेतनाचा निधी सामाईक असल्यामुळे त्यातील पैसा खात्यांमागे फिरत नाही. पुढे जातो तो केवळ सेवेच्या वर्षांचा हिशेब. हा खुलासा पासबुकाच्या तळाशी दोन ओळींत मराठीत छापला असता तर किती जणांची झोप वाचली असती!

परंतु खाती जोडण्याच्या कामातील सर्वांत मोठी अडचण पैशाची नाही आणि कायद्याचीही नाही. ती नावाची आहे. आपल्याकडे मनुष्याचे नाव ही स्थिर वस्तू नाही. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी. घरी-दारी बाळासाहेब, कागदावर बाळू. कारखान्याच्या टाइमकीपरने रोमन लिपीत एक ‘ए’ घातला, ठेकेदाराच्या मुनिमाने दोन घातले. जन्मतारखेची गोष्ट काढावयासच नको. एका पिढीच्या निम्म्या मुलांचा जन्म शाळामास्तरांच्या कृपेने एक जून रोजी झालेला आहे. संगणकाला हे सारे तीन निरनिराळे इसम वाटतात, आणि त्यात संगणकाचा दोष नाही.

पुरुषांचे हे हाल, तर स्त्रियांचे काय सांगावे! लग्नाआधी दोन-तीन वर्षे एखाद्या शाळेत किंवा पॅकिंगगृहात काम केलेल्या मुलीच्या नावापुढे पित्याचे नाव आणि माहेरचे आडनाव असते. लग्न झाले की मधले नाव बदलते, शेवटचे बदलते, आणि काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिलेही बदलले जाते. नव्या नोकरीतले खाते त्या नव्या नावाने उघडते. माहेरच्या नावाने जमा झालेला तो पैसा तिच्या दृष्टीने जणू दुसऱ्याच कोणा स्त्रीचा असतो. तो मागावयाचा तर जुन्या मालकाची सही असलेले संयुक्त घोषणापत्र, विवाहाचा दाखला, राजपत्रातील नामबदल, अशी कागदांची माळ गुंफावी लागते. आणि दहा हजारांच्या रकमेसाठी चार खाडे कोण करील, असे म्हणून ती तो नाद सोडून देते. ज्या समाजाने स्त्रीचे नाव बदलण्याची रीत पाळली, त्या समाजाच्या निधी संघटनेने ही रीत गृहीत धरून आपले नमुने आखले नाहीत, याला काय म्हणावे?

आणि जुना मालकच उरला नसेल तर? बंद पडलेल्या कारखान्याचा शिक्का कोणाच्या कपाटात आहे, हे शोधत फिरण्याची पाळी या तालुक्यातील कामगारांवर आलेली आहे. अशा वेळी बँकेच्या अधिकाऱ्याचे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन चालण्याची सोय आहे. पण ती सोय आहे हे सांगणारा मनुष्य त्या खिडकीवर भेटेलच असे नाही. मालकाने पगारातून पैसे कापूनही भरलेच नाहीत, हा तर उघड गुन्हा होय. त्याचा विचार येथे मुद्दाम करीत नाही, कारण तो खाते जोडण्याचा नव्हे, फौजदारीचा विषय आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की २०२५ साली या कारभारात खरीखुरी सुधारणा झाली. त्या वर्षीच्या जानेवारीपासून, ज्यांचा सार्वत्रिक क्रमांक १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा असून आधारशी जोडलेला आहे, त्यांना खाते वर्ग करण्यास बहुतेक प्रसंगी मालकाच्या संमतीची गरज उरली नाही. नाव, जन्मतारीख यांतील दुरुस्तीही अशा सदस्यांना स्वतः करता येऊ लागली. एप्रिलमध्ये ज्या कार्यालयाकडे खाते जावयाचे त्याची मंजुरीही काढून टाकण्यात आली. नोकरी सोडल्याची तारीख मालकाने नोंदविली नसेल तर ती सदस्याने स्वतः, दोन महिने उलटल्यावर, नोंदविण्याची मुभा २०२० पासून आहे. सुधारणांविषयी सरकारचे अभिनंदन करण्यास आमची ना नाही. पण या सर्व सोयी कोणासाठी आहेत ते पाहावे. ज्याची नोकरी अलीकडची, नाव नीटनेटके आणि मोबाइल क्रमांक कायमचा, त्याच्यासाठी. १९९८ साली सातपूरला लागलेल्या आणि २००६ साली बाहेर पडलेल्या मनुष्याच्या हाती आजही एक पिवळी पडलेली वार्षिक हिशेबाची चिठ्ठी आहे, आणि सोयींची ही गंगा त्याच्या दारावरून वाहत जात नाही. ज्यांच्याजवळ कमी, त्यांनाच अधिक कागद मागावयाचे, हा आपल्या कारभाराचा जुना परिपाठ येथेही चुकलेला नाही.

ऑस्ट्रेलियात १ नोव्हेंबर २०२१ पासून असा नियम झाला की कामगाराने दुसरा पर्याय निवडला नाही तर नव्या मालकाने त्याचे जुने निवृत्ती खाते शोधून त्यातच भरणा करावयाचा. शोधण्याचे ओझे कामगारावर नाही. आपल्याकडे नव्या नोकरीत रुजू होताना भरावयाचा ‘नमुना ११’ आहे. त्यात जुना क्रमांक विचारलेला असतो. पण तो नमुना ठेकेदाराचा मनुष्य भरतो आणि कामगार खाली सही करतो. जुना क्रमांक न शोधता नवा काढणाऱ्या मालकास दंड असला पाहिजे. जुन्या, २०१४ पूर्वीच्या खात्यांची नोंदवही कार्यालयांनी स्वतः चाळली पाहिजे. ज्यांनी पैसा वर्षानुवर्षे सांभाळला त्यांना मनुष्य सांभाळता येऊ नये, हे पटत नाही.

शिक्षकांचा प्रश्न थोडा निराळा आहे, आणि तो या स्तंभाच्या वाचकांना जवळचा आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांस जुने निवृत्तिवेतन नाही. त्यांच्यासाठी आधी परिभाषित अंशदान योजना आली व पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत वर्ग झाली. एका जिल्हा परिषदेतून दुसरीत बदलून गेलेल्या शिक्षकांच्या कपातीचा हिशेब मागे राहिल्याच्या तक्रारी आपण सतत ऐकतो. त्यातही जो तरुण विनाअनुदानित शाळेत पाच-सहा वर्षे काढून मग अनुदानित पदावर येतो, त्याचा भविष्यनिर्वाह निधी एका व्यवस्थेत आणि नवे निवृत्ती खाते दुसऱ्या व्यवस्थेत, अशी फाळणी होते. ही दोन्ही दप्तरे केंद्र सरकारच्याच दोन मंत्रालयांखाली आहेत. निधीतून राष्ट्रीय योजनेत रक्कम नेण्याची तरतूद आहे. मात्र अशा शिक्षकांपैकी कितीजणांना ती त्यांच्या मुख्याध्यापकांनी सांगितली, हे त्यांनी स्वतःलाच विचारावे. मुख्याध्यापकांना तरी ती कोणी सांगितली आहे?

निधी संघटना जानेवारी २०२३ पासून दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्या-जिल्ह्यांत सदस्यांच्या दारी जाण्याचा कार्यक्रम करीत असते. पिंपळगाव नाशिकपासून तासाभराच्या अंतरावर आहे, परंतु ज्याचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी, त्यास तो तास लांबचा वाटतो. या महिन्यांपैकी एखाद्या २७ तारखेचे शिबिर नाशिकच्या कार्यालयाने पिंपळगावात, बाजार समितीच्या किंवा महाविद्यालयाच्या सभागृहात घ्यावे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी आधी आठवडाभर वस्त्यांतून फिरून प्रत्येकाच्या जुन्या नोकऱ्या, तारखा आणि हाती असेल ती चिठ्ठी यांची यादी करून ठेवावी. त्यांना पुस्तकातील लेखाकर्मापेक्षा हे अधिक शिकवील. आणि त्या सभागृहात एक टेबल केवळ माहेरच्या नावाने उघडलेल्या खात्यांसाठी, शक्य तर महिला कर्मचारी बसवून, वेगळे मांडावे.